प्राथमिक शाळेत संगीत शिक्षक व्हायचंय, तर काम नक्की काय असतं आणि काय काय यायला हवं?

तुमचा प्रश्न असा आहे की गाण्यात पदवी झालीय, पेटी बरी वाजवता येते, तबल्याची जुजबी ओळख आहे, आता सहा ते दहा वर्षांच्या मुलांना संगीत शिकवायची नोकरी समोर आलीय, तर हे काम असतं काय आणि त्यासाठी अजून काय शिकून घ्यावं. मी हे काम बावीस वर्षं करतेय आणि हा प्रश्न मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा लांब लिहितेय, वेळ काढून वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे तुमचं गाणं किती तयार आहे यापेक्षा तुमचा कान मुलांसाठी किती तयार आहे यावर हे काम चालतं. पदवीला आपल्याला शिकवतात स्वतः कसं गायचं, आणि वर्गात गेल्यावर कळतं की इथे आपण गायचं कमी आणि ऐकायचं जास्त. पस्तीस मुलं एकदम गातायत आणि त्यातली कोणती चार मुलं सूर पकडत नाहीयेत, कोणाचे नुसते ओठ हलतायत, कोण ओरडतंय, कोण मागच्या बाकावर सुंदर गातंय पण कोणाच्या लक्षात आलेलं नाही, हे सगळं त्याच क्षणी ऐकू यायला हवं. बाकी सगळी कौशल्यं याच्या भोवतीची आहेत.

आता माझी स्वतःची चूक सांगते कारण ती तुम्ही पण करणार, जवळपास सगळे गाणारे करतात. मी काळी चारमध्ये गाते, म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी हा माझा सा. नोकरी लागल्यावर पहिली दोन वर्षं मी माझ्याच पट्टीत मुलांना गाणी शिकवली, आणि अर्धा वर्ग घोगऱ्या आवाजात एका सुरावर गुणगुणायचा, मला वाटायचं ही मुलं बेसूर आहेत. खरं काय होत होतं? माझ्या काळी चारचा सा म्हणजे साधारण २०८ हर्ट्झ. सहा-सात वर्षांच्या मुलाचा आवाज आरामात चालतो तो मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनपासून पांढरी सातपर्यंत, म्हणजे साधारण २९४ ते ४९४ हर्ट्झ. म्हणजे माझे सा, रे, ग, म हे चारही स्वर त्यांच्या आवाजाच्या खालीच पडत होते! ज्या सुरात त्यांना गाताच येत नाही तिथे मी त्यांना गायला लावत होते आणि वर बेसूर ठरवत होते. पट्टी पांढरी दोन केली आणि त्याच वर्गातली निम्म्याहून जास्त "बेसूर" मुलं दोन-तीन आठवड्यांत सुरात आली. मी काही वेगळं शिकवलं नाही, फक्त जागा बदलली. आधीच्या दोन वर्षांतल्या मुलांचं मला अजून वाईट वाटतं.

पांढरी दोन सा धरला की सा ते ध हे सगळे स्वर बरोब्बर त्या टप्प्यात येतात, म्हणून छोट्या वर्गांसाठी तीच पट्टी धरून चला. आठ-नऊ वर्षांनंतर टप्पा दोन्हीकडे वाढतो, खाली पांढरी एकपर्यंत आणि वर तार सप्तकातल्या पांढरी दोनपर्यंत किंवा थोडा अजून वर. तुम्हाला स्वतःला त्या पट्टीत गाताना थोडं अवघड जाईल, पण गायला हवं, हलक्या आवाजात, मुलांसारखं. पुरुष शिक्षक असाल तर प्रश्न अजून वेगळा आहे, तुम्ही गाता एक सप्तक खाली, आणि लहान मूल ते वरच्या सप्तकात आपोआप बदलून गातंच असं नाही, बरीच मुलं तुमच्या खालच्या आवाजाच्या मागे जायला बघतात आणि घशात अडकतात. त्यावर उपाय म्हणजे पातळ वरच्या आवाजात गाऊन दाखवणे, नाहीतर पेटीवर त्यांच्या सप्तकात सूर देणे, आणि सगळ्यात चांगला म्हणजे वर्गातल्या एखाद्या सुरेल मुलीला किंवा मुलाला आधी गायला सांगणे. मुलं मुलांचा आवाज पटकन उचलतात.

"हा मुलगा बेसूर आहे" हे वाक्य तर तुमच्या तोंडून कधीच निघता कामा नये. "तू नुसते ओठ हलव" हे पण तितकंच वाईट, कितीतरी मोठी माणसं मला भेटलीत जी सांगतात की शाळेत असं कोणीतरी म्हणालं आणि तेव्हापासून मी गायलोच नाही. ज्याला स्वर खरंच ओळखता येत नाहीत अशी जन्मजात अडचण, तिला अम्युझिया म्हणतात, ती शंभरात एखाद-दुसऱ्याला असते. बाकीच्यांचं कारण दुसरंच काहीतरी असतं. पट्टी चुकलेली, किंवा मूल बोलण्याचा आवाज गाण्यात वापरतंय, किंवा नीट ऐकायच्या आत गायला सुरुवात करतंय, नाहीतर लाजतंय. आणि कधीकधी मुलाला ऐकूच कमी येत असतं. हे शेवटचं लक्षात ठेवा. माझ्या वर्गात दोनदा असं झालं की मूल सतत उशिरा प्रतिसाद देत होतं, माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होतं, मी वर्गशिक्षिकेला सांगितलं, पालकांनी कान तपासून घेतले आणि खरंच दोष निघाला. इतर तासाला मूल शेजारच्याचं बघून निभावून नेतं, संगीताच्या तासाला ते लपत नाही.

बोलण्याच्या आवाजातून गाण्याच्या आवाजात आणायला खेळ लागतात. रुग्णवाहिकेच्या भोंग्यासारखा आवाज खालून वर, वरून खाली. घुबडाचा आवाज. काल्पनिक चेंडू वर फेकायचा आणि आवाज त्याच्याबरोबर वर न्यायचा. यात मूल नकळत पातळ आवाजात शिरतं आणि मग मी म्हणते हा आत्ताचा आवाज पकड, याच आवाजात आता ही ओळ. सरळ "वरच्या सुरात गा" म्हणालात तर ते जोरात ओरडेल.

त्यावरून आठवलं, आपल्या भाषेत एक मोठी गंमत आहे जी कोणत्याच प्रशिक्षणात मला कोणी सांगितली नव्हती. "हळू" म्हणजे संथ पण आणि बारीक आवाजात पण. "जोरात" म्हणजे जलद पण आणि मोठ्याने पण. तुम्ही म्हणता "हळू गा" आणि निम्मी मुलं लय पाडतात, निम्मी पुटपुटतात, आणि दोन्ही बरोबर असतात! तसंच "आवाज वर कर" म्हणजे मोठ्याने की वरच्या स्वरात? मी वर्षाच्या पहिल्या महिन्यात शब्द पक्के करून टाकते, लयीला फक्त जलद आणि संथ, आवाजाला फक्त मोठा आणि लहान, स्वराला फक्त वरचा आणि खालचा, आणि स्वर म्हणताना हात सोबत वर-खाली गेलाच पाहिजे. हळू आणि जोरात हे दोन शब्द माझ्या वर्गात वापरत नाही. मोठ्यांना वाटतं हे मुलांना कळतंच, पण नाही कळत, आणि कळत नाही हेही आपल्याला कळत नाही. वरचा-खालचा हे पेटीवर तर अजून गोंधळाचं आहे कारण तिथे वरचा स्वर उजवीकडे असतो, वर नसतोच. म्हणून मी छोटी धातुपट्ट्यांची पेटी, ग्लोकेनश्पील, भिंतीला टेकवून उभी धरते, लांब पट्टी खाली आणि आखूड पट्टी वर, म्हणजे डोळ्यालाही दिसतं.

आता रोजचं काम. साधारण प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एक तासिका मिळते, पस्तीस मिनिटांची धरा. वर्षात शिकवण्याचे पस्तीस आठवडे धरले तर १२२५ मिनिटं होतात, म्हणजे वर्षाचे सुमारे वीस तास. एक मूल वर्षभरात तुमच्याकडे अख्खा एक दिवससुद्धा नसतं! आणि तुमच्याकडे असे सोळा-अठरा वर्ग, म्हणजे पाच-सहाशे मुलं. हा हिशोब कागदावर लिहून टेबलावर लावून ठेवा, कारण अभ्यासक्रमात बघाल तर इतिहास, वाद्यांची माहिती, रागांची नावं, स्वरलिपी म्हणजे स्वर लिहायची पद्धत असं सगळं असतं आणि वीस तासांत ते सगळं उरकायला गेलात की मुलं वहीत लिहीत बसतात आणि गात नाहीत. माझा नियम असा की प्रत्येक तासाला प्रत्येक मुलाने गायलं पाहिजे, हाता-पायाने लय धरली पाहिजे आणि निदान एक गोष्ट शांत बसून ऐकली पाहिजे, आणि लिहिणं असलंच तर शेवटची पाच मिनिटं.

एकेकट्याला ऐकायचं कसं, वेळ कुठे असतो, हा प्रश्न सगळे विचारतात. हजेरीच गाऊन घ्या. मी प-ग या दोन स्वरांत विचारते "आज कोण आलं", आणि ज्याच्याकडे हात केला ते मूल त्याच दोन स्वरांत "मी आलो" किंवा "मी आले" म्हणतं. एका मुलाला चार सेकंद लागतात. तासाला पाच मुलं नीट ऐकून वहीत खूण केली तर सात आठवड्यांत पस्तीसच्या पस्तीस होतात, आणि वर्षात प्रत्येक मूल पाच वेळा एकटं ऐकलं जातं. खुणा साध्या, सुरात, जवळपास, बोलतोय. त्या मुलाला कळतही नाही की परीक्षा झाली.

प-गच का, तर खाली येणारी ही दोन स्वरांची जोडी मुलांच्या तोंडात आधीच असते, एकमेकांना लांबून हाक मारताना, चिडवताना ऐका, बहुतेक वेळा हेच अंतर असतं. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय, १८८२ ते १९६७, यांच्या विचारावर उभी राहिलेली जी पद्धत आहे ती इथूनच सुरू होते, आधी प-ग, मग त्यात ध, मग सा आणि रे. आणि हे पाच झाले की बघा काय झालं, सा रे ग प ध, म्हणजे भूप रागाचे स्वर! जर्मनीचे कार्ल ऑर्फ, १८९५ ते १९८२, त्यांच्या पद्धतीतही मुलांच्या वाद्यांवर सुरुवातीला हेच पाच स्वर ठेवतात, पट्ट्या काढता येतील अशी वाद्यं असतात, त्यातून म आणि नी काढून ठेवायचे. कारण सरळ आहे, या पाचांत एकमेकांना खेटून बसलेली अर्ध्या स्वराची जोडी उरत नाही, त्यामुळे दहा मुलांनी मनाला येईल ते वाजवलं तरी कानाला खुपत नाही, आणि पहिल्यांदा वाजवणाऱ्या मुलाला "मला येतंय" असं वाटतं. तिसरे स्वित्झर्लंडचे एमिल जाक-दालक्रोझ, १८६५ ते १९५०, त्यांचं म्हणणं लय आधी अंगात यावी लागते, मग वाद्यात. या तिघांचं थोडंथोडं वाचा, पण एकाच पद्धतीचे भक्त होऊ नका. मी कोदायकडून गाण्याचा क्रम घेतला, ऑर्फकडून वाद्यं, आणि दालक्रोझकडून चालणं.

चालण्याबद्दल थोडं सांगते. आपण तबल्यावर ठेका धरतो आणि मुलांना म्हणतो याच्याबरोबर चाला, आणि ती पुढे पळतात, आपण म्हणतो लय नाहीये. पण लहान मुलाची स्वतःची सहज लय मोठ्या माणसापेक्षा जलद असते, पाय छोटे, पावलं छोटी. म्हणून आधी उलटं करा. मुलाला चालू द्या आणि तुम्ही डफावर त्याच्या पावलाला ठोका द्या. दोन-तीन वेळा असं झालं की त्याला कळतं ठोका आणि पाऊल जुळणं म्हणजे काय, मग तुम्ही लय थोडी बदलली की ते तुमच्यामागे येतं. आणि लय आणि शब्दांचं वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पायात एक आणि टाळीत दुसरं असं करूनच कळतं, पाय सारखे ठाय ठाय आणि टाळी गाण्याच्या अक्षरांना. सात वर्षांच्या मुलाला हे जमलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

गाणं शिकवायची माझी रीत सांगते. एक ओळ मी, एक ओळ तुम्ही, अशी लगेच सुरुवात करत नाही. आधी अख्खं गाणं मी तीनदा गाते आणि प्रत्येक वेळी ऐकायचं काम वेगळं देते, पहिल्यांदा सांगा यात कोणता शब्द परत परत येतो, दुसऱ्यांदा सर्वात वरचा स्वर आला की हात वर करा, तिसऱ्यांदा मनातल्या मनात गा. मग ओळ ओळ. आणि मुलं गायला लागली की मी गप्प बसते. हे पाळणं फार कठीण जातं, आपल्याला सवय असते त्यांच्यावरून मोठ्याने गायची, आणि पेटी तर त्याहून मोठ्याने, मग वर्ग छान गातोय असं वाटतं पण ऐकू येत असतो आपणच. पेटीचं काम सूर देणं, मग ती बंद. तुम्हाला पेटी बरी येते म्हणालात म्हणून मुद्दाम सांगतेय, पेटीमागे बसलात की अर्धा वर्ग तुमच्या नजरेआड जातो. वाजवायचंच तर उभं राहून, हिंडत, गळ्यात अडकवता येईल असं काहीतरी, डफ किंवा युकुलेली, म्हणजे छोट्या गिटारसारखं वाद्य, चार तारा, चार-पाच कॉर्ड (एकदम छेडायच्या स्वरांच्या जुड्या) एका महिन्यात जमतात.

वाद्यं मुलांच्या हातात द्यायचा एकच नियम, आधी सूचना, मग वाद्य. हातात आल्यावर ते वाजणारच, त्यात मुलाचा दोष नाही. वाजवायची खूण, थांबायची खूण आणि "वाद्य मांडीवर" ही खूण, या तीन आधी रिकाम्या हातांनी करून घ्या. बासरीसारखं रेकॉर्डर शिकवायचं असेल तर आठ वर्षांच्या आत नको, बोटं भोकं पूर्ण झाकत नाहीत आणि मग नुसती किंचाळी निघते. घेताना बरोक बोटांची रचना असलेलं घ्या, जर्मन रचनेत एक स्वर सोपा वाटतो पण पुढे तीव्र स्वर खोटे लागतात. प्रत्येकाचं वेगळं, नाव लिहिलेलं, तोंडाला लागणारं वाद्य कधीही एकमेकांत द्यायचं नाही. वाद्यांची नोंदवही, दुरुस्ती, निघालेले खिळे, फाटलेली कातडी, सुटलेले छोटे घुंगरू जे लहान मूल तोंडात घालू शकतं, हे सगळं बघणं तुमचंच काम, दुसरं कोणी करणार नाही.

आवाजाच्या पातळीचाही विचार करा. छोट्या खोलीत पस्तीस मुलं ढोलकी-झांजा वाजवतात तेव्हा आकडा बराच वर जातो. कामाच्या ठिकाणच्या आवाजाबद्दल एक सर्वमान्य शिफारस आहे की ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास ही मर्यादा, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एकच तास. मुलं अर्ध्या तासात निघून जातात, तुम्ही मात्र दिवसभर त्याच खोलीत असता. म्हणून पूर्ण वर्गाने एकदम वाजवायचं ते थोडा वेळ, बाकी वेळ सहा-सहाचे गट आणि बाकीच्यांनी ऐकायचं. पडदे, सतरंजी, कापडी फलक यांनी खोलीतला घुमारा खूप कमी होतो. काही मुलांना, विशेषतः स्वमग्न मुलांपैकी काहींना, अचानक मोठा आवाज सहन होत नाही, त्यांना आधी सांगायचं की आता झांज वाजणार आहे, कान झाकायची मोकळीक द्यायची, दाराजवळची जागा द्यायची. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला बाजूला बसवू नका, ढोलाच्या पानावर, लाकडी जमिनीवर हात ठेवून त्याला लय मिळते. स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनी बारा वर्षांच्या होईपर्यंत जवळजवळ पूर्ण बहिऱ्या झाल्या होत्या आणि जगातल्या नावाजलेल्या तालवादक झाल्या, त्या अंगाने, तळपायाने कंप ऐकतात.

तुमचा स्वतःचा गळा हे तुमचं मुख्य साधन आहे आणि ते सगळ्यात आधी बिघडतं. शिक्षकांमध्ये आवाजाचे त्रास इतर नोकऱ्यांपेक्षा जास्त असतात आणि आपण तर बोलतो पण आणि गातो पण. वर्गाला गप्प करायला कधीही ओरडू नका, मी टाळ्यांचा एक तुकडा वाजवते, मुलं तो परत वाजवतात, दुसरा तुकडा जरा बारीक, तिसरा नुसत्या बोटांनी, आणि वर्ग शांत. गळा बसला की कुजबुजून बोलायचं हा गैरसमज आहे, त्याने बऱ्याचदा ताण कमी व्हायच्या ऐवजी वाढतो, त्यापेक्षा बोलणंच कमी करा आणि हातांच्या खुणांवर तास घ्या. पाणी जवळ ठेवा. आवाज तीन-चार आठवडे बसलेलाच राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवाच. मी एकदा तीन महिने अंगावर काढलं, मग सहा आठवडे गाणं पूर्ण बंद ठेवावं लागलं.

कार्यक्रम हा सगळ्यात अवघड विषय. शाळेला तुमचं काम वर्षातून एकदा स्टेजवर दिसतं, त्यामुळे दोन महिने आधी दबाव सुरू होतो, चांगली गाणारी वीस मुलं निवडा, रोज तालीम घ्या, आणि मग बाकीच्या पाचशे मुलांचे तास बुडतात. मी एका शाळेत यावरून बरीच वर्षं भांडले, नाव नाही घेत, शेवटी असं ठरवून घेतलं की स्टेजवर निवड नाही, वर्गच्या वर्ग जाणार आणि वर्षभर तासाला जे गायलो तेच गाणार. थोडं कच्चं दिसतं, पण प्रत्येक पालकाचं मूल तिथे असतं आणि माझे तास बुडत नाहीत. ज्यांना जास्त आवड आहे त्यांच्यासाठी शाळा सुटल्यावर गायनवृंद ठेवा, तिथे ज्याला यायचंय त्याला यायला मोकळीक. आणि तयार संगीतावर, म्हणजे ट्रॅकवर गाणार असाल तर तो मोठ्या गायकाच्या पट्टीत असतो हे विसरू नका, मोबाईलवरच्या साध्या ॲपने पट्टी बदलता येते, लयही थोडी संथ करता येते. नवीन गाण्यांचे हक्क कोणाकडे आहेत, शाळेला जाहीर कार्यक्रमात आणि विशेषतः व्हिडिओ नेटवर टाकताना परवानगी लागते का, हे बघणं पण तुमच्याकडेच येतं, तसंच मुलांचं रेकॉर्डिंग करताना पालकांची परवानगी.

मूल्यमापनात आवाज गोड आहे का याला गुण द्यायचे नाहीत, तो जन्माने मिळतो. सुरुवातीला कुठे होतं आणि आता कुठे आहे हे बघायचं. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी प्रत्येक वर्गाचं एकच गाणं मी रेकॉर्ड करते आणि शेवटी दोन्ही ऐकवते. मुलांना फरक स्वतः कळतो.

पालक आणि कधीकधी मुख्याध्यापक सुद्धा विचारतील की संगीताने मुलं हुशार होतात का, गणित सुधारतं का. "हो हो" म्हणायचा मोह होतो कारण त्याने तासिका वाचतात. तसं करू नका. ज्या प्रयोगावरून हा सगळा बोलबाला झाला तो १९९३ सालचा आहे, त्यात कॉलेजच्या विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोत्सार्टचं संगीत ऐकवलं होतं, लहान मुलं त्यात नव्हतीच, आणि जो फरक दिसला तो आकार-जागेच्या एका प्रकारच्या प्रश्नांमध्ये, तो पण दहा-पंधरा मिनिटं टिकला. संगीत संगीतासाठी शिकवायचं असतं आणि ते लहानपणीच शिकवायला हवं याला वेगळी चांगली कारणं आहेत. अमेरिकेतले संगीत-शिक्षणतज्ज्ञ एडविन गॉर्डन यांचं मत होतं की मुलाची संगीताची उपजत क्षमता साधारण नऊ वर्षांपर्यंत भोवतालच्या अनुभवाने वर-खाली होत राहते आणि मग स्थिरावते. हे कितपत तंतोतंत धरायचं यावर मतं असतील, पण माझा अनुभव त्याच्याशी जुळतो, सहाव्या वर्षी सूर न पकडणारं मूल आठव्या वर्षी पकडतं, दहाव्या वर्षी पहिल्यांदा माझ्याकडे आलेल्या मुलाला मात्र जास्त कष्ट पडतात, आणि त्याची लाज पण वाढलेली असते.

तर तुम्ही अजून काय शिकून घ्यावं? गाणं तुमचं झालंय. पांढरी दोनमध्ये हलक्या आवाजात गायची सवय करा, पंचवीस-तीस सोपी गाणी तोंडपाठ करा जी सा ते ध मध्ये बसतात आणि ज्यांत एका अक्षरावर लांबत जाणाऱ्या ताना नाहीत. केहरवा आणि दादरा डफावर उभं राहून वाजवायला शिका, एवढ्या दोन ठेक्यांवर पहिलं वर्ष निघतं. पाश्चात्य स्वरलिपी वाचता येत नसेल तर शिकून घ्या, मुलांच्या वाद्यांचं बहुतेक साहित्य त्यात असतं. एखाद्या चांगल्या वर्गशिक्षिकेच्या वर्गात मागे बसून चार तास नुसतं बघा ती मुलांना रांगेतून गोलात कशी आणते, कारण संगीताचे बरेच तास गाण्यावरून फसत नाहीत, या उठ-बस करण्यात फसतात. आणि नावं. पाचशे नावं पाठ करायची, मी वर्गवार फोटो लावून करते, नाव घेऊन हात केला की मूल गातं, "ए तू निळ्या बाटलीवाल्या" म्हणालात की नाही गात.

पहिल्या आठवड्यात पेटी घेऊन जाऊ नका. खिशात सूर द्यायची छोटी पट्टी किंवा मोबाईलवर तानपुरा, मुलं गोलात जमिनीवर, प-ग मधली हजेरी, एक चालायचा खेळ, एक छोटं गाणं तीनदा ऐकवायचं आणि गायला न लावताच सोडून द्यायचं. पुढच्या आठवड्यात तुम्ही दारातून आत यायच्या आधीच कोणीतरी ते गात असेल. कोणत्या सुरात गातंय ते नीट ऐका, दाराबाहेर थोडं थांबून, आणि तिथूनच सा द्या.